सोमवतीचे मौन

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. पत्नीपाशीही नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसून होतो, बोलायला वेळ पुष्कळ होता, तरी नाही. रोज पहाटे पूजेला बसतो, संकल्पात स्वतःचे नाव आणि गोत्र उच्चारतो, पण देवापुढेही हे शब्दांत मांडले नाही. त्याला सर्व ठाऊक आहे, मग सांगायचे कशाला, अशी माझी पळवाट होती. तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

हिंदी मुलखातील बालाघाटातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावरून मी पुष्कळ वर्षे सकाळचा मराठी कार्यक्रम केला. तिथी, वार, नक्षत्र, एखादे स्तोत्र आणि त्याचा अर्थ, एवढेच. आमच्याकडे घराघरांत मराठी आहे, पण ती हिंदीचा हात धरून चालते, आणि मुलांनी तर तो हात घट्टच धरला आहे. त्यामुळे स्वच्छ मराठी कानी पडली की म्हाताऱ्या माणसांना बरे वाटे. पाठशाळेत गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या खाऊ घातल्या होत्या, त्याचे फळ इतक्या उशिरा मिळत होते. आणि आवाज? आवाज देवाने दिला होता. गंभीर, भरदार. तो माझ्या देहातून निघतो यावर माझाच कधीकधी विश्वास बसत नसे.

कारण देह तसा नव्हता. मी ठेंगणा, सावळा, आणि तिशीपासून अंगावर कोड. आधी ओठांच्या कडेला, मग डोळ्यांभोवती, मग कपाळावर. सावळ्या तोंडावर ते पांढरे डाग कसे दिसतात, हे तुम्ही कुठेतरी पाहिले असेल — आणि पाहून नजर दुसरीकडे वळवली असेल. तुम्हाला दोष देत नाही. स्मृतिग्रंथांनी अशा ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीत वर्ज्य ठरवले आहे. मी ते वचन मुखोद्गत केले तेव्हा माझी कातडी एकरंगी होती. पुढे यजमान एकेक करून बोलावीनासे झाले. कुणी अपमान केला नाही. फक्त बोलावीनासे झाले.

रेडिओने मला तोंडावाचून बोलायची सोय करून दिली.

श्रोत्यांचे फोन येत. परसवाड्याच्या एक बाई म्हणत, महाराज, तुम्ही नक्की गोरेपान असाल, उंच, छातीपर्यंत दाढी. मलाजखंडच्या खाणीतला एक कामगार पैजेवर सांगे की माझ्या पायांत खडावाच असणार, बोलण्यात त्यांची चाल ऐकू येते. मी यावर हसत असे. आणि काय म्हणत असे? ‘शब्दाला रूप नसते.’ किती साजूक वाक्य. केंद्राने भिंतीवर लावायला भित्तिपत्रक छापले, तेव्हा माझ्या छायाचित्राच्या जागी मी समई छापायला लावली. लोकांनी माझ्या निरहंकाराची स्तुती केली. तो निरहंकार होता का? मी त्या उंच, गोऱ्या, दाढीवाल्या माणसाला मनातल्या मनात पोसत होतो. दर सकाळी त्याला बोलायला माझा आवाज देत होतो.

आता गोपाळरावांविषयी सांगितले पाहिजे. मलाजखंडला खाणीच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले, माझे शेजारी, माझे एकमेव मित्र. वर्तमानपत्र वाचायला आणि माझी थट्टा करायला रोज केंद्रावर येत. उंच, गोरे, छातीपर्यंत पांढरी दाढी. एक श्लोक पाठ नाही. गालात अखंड सुपारी-तंबाखूचा खर्रा. ‘शास्त्री,’ ते म्हणत, ‘देवानं माल अदलाबदल केला, पाह्य. तोंड मले देल्लं, तोंडातलं तुले.’

एका रविवारी मी कार्यक्रमात सोमवती अमावास्येचे माहात्म्य सांगितले. मौन स्नानापर्यंत पाळतात, पण सूर्यास्तापर्यंत पाळल्यास त्याचे फळ विशेष, असेही सांगितले. सोमवारचा कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, आणि तसे श्रोत्यांना कळवलेही होते. तरी सकाळी सवयीने केंद्रावर गेलो. मौन मी धरलेले नव्हते. वाटेत दूधवाल्याशी बोललो होतो.

अंगणात गोपाळराव खुर्चीवर बसले होते, मी मागे दाराशी. तेवढ्यात फाटकापाशी जीप थांबली आणि एक बाई जवळजवळ धावतच आत आली. पन्नाशीची, केस विस्कटलेले. तिने इकडे तिकडे पाहिलेही नाही. सरळ गोपाळरावांच्या पायांवर डोके ठेवले.

‘महाराज, तुमीच ना? मी पाह्यल्याबरोबर वळखलं. माहे बाबा लय वर्सापासून तुमाले आयकते. आता त्याइचं काही खरं नाही. म्हन्ते, त्या महाराजाच्या तोंडून विष्णूचे हजार नाव कानात पडले का मी सुटलो. किरनापूरच्या अलीकडंच हाय घर. चाला महाराज.’

गोपाळरावांचे तोंड खऱ्याने भरलेले. त्यांनी हात हलवला, मान हलवली, बोलता येईना. तेव्हा त्या बाईने स्वतःच कपाळाला हात लावला.

‘मौन हाय ना? काल तुमीच त सांगितलं, सूर्य बुडेपर्यंत. मी बी कशी.’

गोपाळरावांनी वळून माझ्याकडे पाहिले. आता हा बोलेल, ही त्यांची अपेक्षा — कोणत्या माणसाची नसती? एका वाक्याचे काम होते. बाई, तो आवाज माझा आहे, चला.

मी ओठांवर बोट ठेवले.

एवढेच केले. बोट ठेवले, ते काढले. तेवढ्यात सगळे होऊन गेले. तिने माझ्याकडे पाहिले, नजर वळवली, सेवक समजून हातातली फुलांची पिशवी माझ्याकडे दिली. ‘दादा, धरा जरा. नुसता माथ्यावर हात ठेवला तरी चालन महाराज. दर्शन त होईन.’

जीपमध्ये गोपाळराव पुढे, मी मागे. वाटेत त्यांनी खर्रा थुंकला, म्हणजे आता त्यांना बोलता येत होते. पण ते आरशातून माझ्याकडे पाहत राहिले. दोन्ही बाजूंना धानाची शेते होती. प्रत्येक गावाशी मी ठरवत होतो — पुढच्या गावाशी सांगतो. संकोच होता, भय होते, असे म्हणू शकतो. पण खरे सांगू? मला ती बाई गोपाळरावांकडे ज्या दृष्टीने पाहत होती, ती दृष्टी गमवायची नव्हती. ती माझ्यासाठी होती ना? दुसऱ्याच्या तोंडावर का पडेना, माझी होती.

म्हातारा खाटेवर होता. पोट तेवढे हलत होते. डोळे उघडे, पण त्यांवर सायीसारखे पटल. दारात शेजारच्या बायका दाटलेल्या. मुलगी वाकून म्हणाली, ‘बाबा, आले.’

‘आले का? मंग बोलत काहून नाही?’

‘मौन हाय त्याइचं. आज सोमवती.’

त्याने मान आवाजाच्या शोधात फिरवली. आधी गोपाळरावांकडे, मग — का, देव जाणे — माझ्याकडे. ‘मले रूप नाही पाह्यचं,’ तो म्हणाला. ‘दिसतच नाही त पाहू काय. आवाज पायजे होता.’

इथे थांबतो जरा.

शास्त्र मला ठाऊक होते. मरणाऱ्याच्या कानासाठी मौन सोडले तर व्रत मोडत नाही, उलट पूर्ण होते. आणि मला तर मौनच नव्हते. पहिले नाम घशापर्यंत आले. जीभ टाळूला लागली. दारातल्या बायका पाहत होत्या. मी तोंड उघडले असते तर त्या सगळ्या वळून माझ्या ओठांकडे पाहणार होत्या — त्या ओठांकडे, ज्यांच्या कडेने कोड सुरू झाले होते. ज्याला माझे तोंड दिसत नव्हते असा एकच माणूस त्या खोलीत होता, आणि आवाज त्यालाच हवा होता. हे मला तिथेच, त्याच क्षणी कळले. नंतर कळले असे म्हणण्याची सोय मला नाही.

गोपाळरावांनी म्हाताऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. सारवलेल्या जमिनीवर फुलांच्या पिशवीतून पाणी ठिबकत होते.

म्हाताराच शेवटी बोलला. ‘राहू द्या महाराज. माह्यासाठी नेम नोका मोडू.’

तो आम्हाला समजून घेत होता. मरताना.

परतीला जीपने आम्हाला गावाच्या वेशीशी सोडले. ती निघून गेल्यावर गोपाळराव म्हणाले, ‘शास्त्री, माह्या हाताले त्याचं कपाळ लागलं. तापलं होतं. तुह्या तोंडाले काय झालतं?’

त्यांनी पुन्हा कधी त्याविषयी विचारले नाही. केंद्रावर यायचे मात्र थांबले. रस्त्यात भेटले की रामराम करीत. एका पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या तेराव्याला मी पंक्तीत बसलो नाही. बोलावले होते, तरी बसलो नाही.

म्हातारा त्याच दिवशी गेला, सूर्य मावळण्यापूर्वी. त्या बाईने दुसऱ्या दिवशी केंद्रावर फोन करून आभार मानले. आणि ही गोष्ट पसरली. महाराजांनी मरणापुढेही व्रत मोडले नाही. फोन येऊ लागले. परसवाड्याच्या बाई रडल्या. माझे नाव वाढले, आणि मी ते वाढू दिले. स्वतःला समजावत राहिलो — मी त्या दिवशी असत्य असा एकही शब्द उच्चारला नाही. व्याकरणाने पाहिले तर हे खरे आहे. त्या व्याकरणावर मी वर्षे काढली.

आता शेवटचे. मग झाले.

कोड वाढत गेले. सावळेपणाची बेटे लहान होत होत संपली. गेल्या काही वर्षांपासून मी सर्वांगी गोरा आहे. दाढी राखली, तीही पांढरी. कार्यक्रम सोडला तरी लोक घरी येतात आणि म्हणतात, महाराज, आम्हाला वाटले होते अगदी तसेच आहात.

मागच्या कार्तिकात ती बाई आली. आता म्हातारी झालेली, काठी टेकत. मी ओसरीवर खुर्चीत बसलो होतो. मी ओळखले. तिनेही ओळखले — कुणाला? जवळ येऊन निरखून पाहिले, पाया पडली.

‘लय आकसले महाराज. वयानं मानूस लहान होते, हौ ना.’ मग काठी बाजूला ठेवून म्हणाली, ‘त्या दिवशी मौन होतं. आज म्हनान का बाबासाठी?’

मी म्हटले. सगळी नामे म्हटली, एकही न चुकता, त्याच आवाजात. तो अजून शाबूत आहे. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली की आता बाबाले पोचलं.

सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. तिने काठी उचलली, पायऱ्या उतरली, फाटकाशी वळून पुन्हा हात जोडले.

त्या दिवशी अमावास्या नव्हती. मीही हात जोडले, आणि गप्प राहिलो.