अप्पांचा अंगठा

एकच काम दोनदा करायचं म्हटलं की उदगीरच्या मंजुश्रीचं डोकंच फिरायचं. सासरच्या मसाल्याच्या दुकानाचा ग्रुप होता, त्यात घरचेच सगळे. तिथं आलेली नव्या मालाची खबर तिला पुन्हा मेलवर टाईप करावी लागायची. शेवटी वैतागून तिनं कोडची एक ओळही न लिहिता दोन्ही ॲप्स जोडून टाकली. ग्रुपवर ज्या मेसेजला कुणी अंगठा देईल, तो मेसेज आपोआप सगळ्या गिऱ्हाइकांना मेलनं जाणार.

पण सासरे विरूपाक्षअप्पा तर प्रत्येक मेसेजला अंगठा द्यायचे. "कुणी बोललं तर हाव म्हणावं का न्हाई माणसानं?"

रविवारी सासूबाईंनी, म्हणजे शांतम्मांनी, ग्रुपवर टाकलं, "पुरणपोळ्या झाल्यात, जेवायला या." अप्पांनी अंगठा दिला. दुपारी देगलूर, देवणी, चाकूरची गिऱ्हाइकं दारात हजर!

मंजुश्री हात जोडून म्हणाली, "माफ करा, चुकून मेल..."

"बोलावल्यावर चूक म्हणून राहिलीस?" अप्पा कडाडले. "ताटं मांड!"

पंगत रंगली. स्वयंपाकघरातून शांतम्मांनी घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, "पोळ्या संपत आल्या, आता कुणाला आग्रह करू नका."

अप्पांनी सवयीनं अंगठा दिला. पंगतीतले सगळे फोन एकदमच वाजले.