धुराड्याभोवतीची फट

मी निघालो त्या सकाळी दहिवडीच्या एसटी स्टँडवर सगळं घर आलं होतं. पासपोर्ट घेतलास का, हे आईनं तिसऱ्यांदा विचारलं. वैशालीच्या कडेवर आमची आठ महिन्यांची मुलगी झोपलेली, त्यामुळे तिला मोकळेपणानं रडायचीही सोय नव्हती. अण्णा माझ्या बॅगेची चेन उघडमीट करून बघत होते. त्यांचं आयुष्य पत्र्याच्या कामात गेलं. आठवडी बाजारात बसून बादल्यांना डाग द्यायचे, धान्याच्या कोठ्या आणि पाण्याचे बंब दुरुस्त करायचे. मी आयटीआयला जाऊन शीट मेटलचं सर्टिफिकेट घेतलं खरं, पण पत्रा वाकवायला शिकलो ते त्यांच्याजवळ. गाडी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डाग दिला की बादली भरून बघायची. गळली, तर गिराइकाच्या आधी आपुन बोलायचं."

मी हसून मान हलवली. परदेशात बादल्यांना डाग कोण देतंय, असं मनात आलं. चोवीस वर्षांचा होतो आणि बापापेक्षा शहाणा होतो.

याला अकरा वर्षं झाली. हे मी घरच्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखे जे इकडं आले त्यांच्यासाठीही. आपण सगळे फोनवर चांगलं तेवढंच सांगतो. जेवलो, ड्युटी बरी आहे, थंडी पडली. मीही तेच केलं. त्यातलं एक राहून गेलं असं म्हणता आलं असतं, पण राहून गेलं नाही, मी ते दडवलं.

इथं कतारमध्ये, दोह्यात मी एसीच्या डक्टचं काम करतो. डक्ट म्हणजे इमारतीभर थंड हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे. आमच्या कामात फट म्हणजे पाप. दोन पत्र्यांच्या जोडात केसाएवढी जरी जागा राहिली तरी थंड हवा गळते आणि इन्स्पेक्टर काम परत पाठवतो. म्हणून फट दिसली की तिच्यात काळा रबरी फोम कोंबायचा आणि वरून चंदेरी टेप ओढायची. अल थुमामाच्या व्हिलांपासून फरीज बिन ओमरानच्या बिल्डिंगांपर्यंत मी वर्षानुवर्षं फटीच बुजवत आलो. हाताला सवय लागली की डोकं रजेवर जातं, तसं माझं गेलं.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या कंपनीच्या मालकांना आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. उम्म सलाल मोहम्मदला त्यांचा मज्रा आहे, म्हणजे शेत आणि त्यात एक मजलिस, पाहुण्यांनी बसायची मोठी खोली. वर पत्रा, आत प्लायवूडचं सिलिंग. कतारमध्ये थंडी पडते हे आपल्याकडं कुणाला पटत नाही, पण जानेवारीत वारा सुटला की उघड्यावर दात वाजतात. अर्बाबनी मजलिसच्या कोपऱ्यात लाकडं जाळायचा लोखंडी स्टोव्ह आणून ठेवला आणि त्याचा धूर छपराबाहेर काढायचं काम मला सांगितलं. फोरमनची जागा रिकामी होणार होती. हे काम झकास झालं तर ती आपलीच, असं मी धरून चाललो होतो.

पाईप तर पाईप, त्यात काय मोठंसं. मी डक्टचाच जस्त चढवलेला पातळ पत्रा गोल वळवला आणि सिलिंगमधून वर काढला. भोक जरा मोठं पडलं, त्यामुळे पाईपाभोवती चार बोटं फट राहिली. ती मला बघवेना. मी चारही बाजूंनी फोम ठासला, वर टेप मारली आणि खाली उतरून आपल्याच कामाकडं कौतुकानं बघत बसलो.

मज्र्यावर इस्माईलचाचा स्वयंपाकी होते. राजापूरकडचे, सव्वीस वर्षं कतारमध्ये काढलेले. अर्बाबचे म्हातारे वडील त्यांच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं खायचे नाहीत. मी गेलो की चाचा आधी चहा द्यायचे आणि मग आपल्या भाषेत बोलायला मिळालं म्हणून तासभर सोडायचे नाहीत. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "संजू, मना त्यातला काय कळत नाय रे. पण आमचेकडं बेकरीच्या भट्टीचा पायप लाकडाला टेकवीत नाय कोण. जरा मोकला ठेव तेला."

"चाचा, तुम्ही बिर्याणीचं बघा," मी म्हणालो. "पाईपाचं माझ्यावर सोडा."

ते हसले आणि कांदे चिरायला गेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल माझा होता, पण भोगावं दुसऱ्याला लागलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पाहुणे येणार होते. अर्बाबचे वडील आधीच मजलिसमध्ये गादीवर येऊन बसले होते. चाचांनी बाभळीसारखी जाड, सावकाश जळणारी दोन लाकडं लावून ठेवली होती. ती धुमसत होती आणि मला तर माझा पाईप कसा खेचतो ते दाखवायचं होतं. मी वर्कशॉपमधून मोडक्या पॅलेटच्या फळ्या आणल्या होत्या, पापडासारख्या वाळलेल्या. त्या फळ्यांनी मी स्टोव्ह गच्च भरला, हवा आत सोडायची खालची खिटी पूर्ण उघडली आणि दारही किलकिलं ठेवलं. "बघा चाचा," मी म्हणालो.

पाच मिनिटांत स्टोव्ह घुमायला लागला. पाईपाचा रंग आधी पिवळट झाला, मग स्टोव्हपासून वीतभर वर तो लाल दिसायला लागला. जळत्या जस्ताचा पांढुरका धूर निघाला आणि घशाला खवखव सुटली. वर टेप गुंडाळून आली, फोम वितळून काळा थेंब थेंब खाली पडला आणि सिलिंगच्या कडेतून धूर यायला लागला.

आपल्याकडं चूल विझवायची म्हणजे पाण्याचा शिपका मारायचा. आईला जन्मभर तेच करताना बघितलेलं. मी स्टोव्हचं दार सताड उघडलं आणि भरलेली बादली उचलली. चाचा त्याच वेळी खाली वाकून हवेची खिटी बंद करत होते. "पाणी नको," ते म्हणाले, आणि मी ते ऐकलं. ऐकलं हे इथं लिहून ठेवतो, कारण नंतर कित्येक दिवस मी स्वतःला ऐकलंच नाही असं सांगत होतो.

पाणी पडलं आणि वाफ, राख, निखारे सगळं दारातून बाहेर आलं. चाचांचा उजवा हात कोपरापर्यंत त्यात सापडला. स्टोव्ह तडकल्याचा आवाज झाला. चाचा ओरडले नाहीत. त्यांनी पायानं दार लोटलं, डाव्या हाताला खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून खिटी बंद केली आणि मला म्हणाले, "बाबांना भायेर काढ." मी म्हाताऱ्यांना धरून बाहेर आणलं. चाचा मागून आले, मजलिसचं दार लावून घेतलं आणि बाहेरून सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या अग्निशामक दलाला, फोन लावला. लोक आले, त्यांनी सिलिंग उघडलं. बाहेरून विझल्यासारखं दिसत होतं, पण आत प्लायवूडच्या कडा लाल होऊन पुढं सरकत चालल्या होत्या. फोन केला नसता तर छप्पर गेलं असतं.

अर्बाब आले. आधी वडिलांना हात लावून पाहिलं, मग आमच्याकडं वळले. "ये कैसे हुआ?"

चाचा माझ्याकडं बघत होते. मी पाईपाकडं बघत होतो. अण्णांचं बादलीचं वाक्य मला त्या क्षणी आठवलं, आठवलं नाही असं म्हणणार नाही. मी म्हणालो, "लकडी जादा हो गया था."

वाक्य खोटं नव्हतं. लाकडं कुणी भरली, फट कुणी बुजवली, पाणी कुणी टाकलं, एवढंच त्यात नव्हतं. आणि स्टोव्ह पेटवणं हे चाचांचं काम, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाचांनी मान खाली घातली. अर्बाब चिडले नाहीत, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "खलास, इस्माईल. अब तुम बूढा हो गया." हात बरा होईपर्यंत चाचांना ठेवून घेतलं आणि मग मानानं घरी पाठवलं. एअरपोर्टवर त्यांना सोडायला पिकअप मीच घेऊन गेलो. वाटेत ते मला खाऱ्या माशाचं कालवण कसं करायचं ते सांगत होते.

दोन महिन्यांनी मी फोरमन झालो. तुम्ही गावात पेढे वाटलेत.

नंतर मी तो पाईप रीतसर बसवला, सगळं शिकून घेऊन. आता दर हिवाळ्यात माणसांना कामाआधी उभं करून टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेच्या सूचना, देतो. स्टोव्हला जस्त चढवलेला पत्रा लावायचा नाही, दोन थरांचा स्टीलचा पाईप लागतो. लाकडाच्या सिलिंगमधून नेताना त्यासाठीच केलेली लोखंडी कॉलर बसवायची आणि भोवती सांगितलेली जागा मोकळी सोडायची, त्यात काही कोंबायचं नाही. पॅलेटच्या फळ्यांनी स्टोव्ह भरायचा नाही, काजळी वेळेवर काढायची. आणि पाईप लाल झालाच तर दार उघडायचं नाही, पाणी टाकायचं नाही. दार बंद, हवा बंद, माणसं बाहेर, मग बाहेरून फोन. विझलं असं वाटलं तरी सिलिंग उघडून दाखवल्याशिवाय आणि पाईप तपासून घेतल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही. पोरं मन लावून ऐकतात. शेवटी मी सांगतो की एका माणसानं पाणी टाकलं आणि दुसऱ्याचा हात भाजला. गेल्या वर्षी एका नेपाळी मेकॅनिकनं विचारलं, "वो आदमी कौन था, सर?" मी म्हणालो, पुरानी बात है.

मागच्या सुट्टीत मी तुम्हाला मित्राकडं जातो म्हणून सांगितलं आणि राजापूर गाठलं. चाचा पडवीत बसले होते. हातावरची कातडी गुलाबी, ताणलेली. बोटं पूर्ण मिटत नाहीत, पळी धरता येत नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्याला रांधून वाढणारा माणूस. मला पाणी द्यायला ते आत गेले आणि पेल्यासाठी तीन कपाटं उघडत राहिले. चाची हसून म्हणाल्या, "अजून पाव्हणेच आहेत हे." मग मला घावणे वाढताना त्या म्हणाल्या, "तळताना तेल सांडलं तेव्हा तुम्हीच यांना हॉस्पिटलात नेलंत ना. अल्ला तुमचं भलं करो." चाचांनी घरी तसं सांगितलं होतं. कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली, असंही.

मी घावणे खाल्ले. दुसरा मागून घेतला, याची लाज आज सगळ्यात जास्त वाटते.

गाडीपर्यंत चाचा पोचवायला आले. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. "त्या दिवशी तू बोलशील म्हणून मी वाट बघत व्हतो," ते म्हणाले. "नाय बोललास. मग मी बोलून पोराला खोटा कशाला पाडू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, काहीतरी कारणं दिली असती.

गेल्या आठवड्यात मी अर्बाबच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. फोम, फळ्या, पाणी आणि माझं ते अर्धं वाक्य. "तीन साल?" त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, "मेरा बाप आखिर में खाना नहीं खाता था. रोज पूछता था, इस्माईल किधर है." त्यांचे वडील गेल्या रमजानच्या आधी गेले. एवढं बोलून त्यांनी दाराकडं हात केला. नोकरीचं काय होणार, ते अजून कळलेलं नाही. मी विचारायचं धाडसही केलेलं नाही.

अण्णा, बाजारात तुम्ही माझा फोरमनचा फोटो मोबाईलवर दाखवता, हे वैशाली सांगते. तो दाखवू नका. तीन वर्षं मला घर म्हणजे जिथं फोन लावण्याआधी आवाज नीट करून घ्यायचा अशी जागा झाली होती. दोह्यात असलो की वाटायचं, लाज इथली आहे, घरी गेलो की सुटेल. घरी आलो की ती ताटात माझ्याआधी बसलेली असायची.

तिकीट काढलंय. मुंबईत उतरून आधी राजापूरला जाणार. चाचांना आवडणार नाही, ते हात वर करून थांबवतील, पण या वेळी मी थांबणार नाही. चाचींना सांगणार की तेल नव्हतं, मी होतो. ऐकून त्या काय म्हणाल्या, ते घाट चढून आल्यावर बाहेर अंगणातच उभा राहून तुम्हाला सांगेन. मग मला आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.