हील्डआईची परवानगी

विबेकेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हील्डचं एक बुटकं झुडूप होतं. पानं सोनेरी, अंग आटोपशीर. आटोपशीर म्हणजे काय, दर मार्चमध्ये विबेके ते गुडघ्याएवढं छाटायची म्हणून. छाटलं की पानं पिवळीधमक येतात, आणि खिडकीशी खुर्चीत बसलेल्या तिच्या आईला, आस्टाला, रस्ता दिसत राहतो. फुलं मात्र येत नाहीत. ती जुन्या फांदीवर धरतात. अकरा वर्षांत त्या झुडपाला एक फूल नाही. आस्टाला त्याचं काही घेणंदेणं नव्हतं.

आस्टा चौऱ्याऐंशीची. खुब्याचं हाड मोडल्यापासून खुर्चीला खिळलेली, पण जीभ ठणठणीत.

ते झुडूप दिलं होतं एबेने. फ्यून बेटावरच्या त्यांच्याच गावचा हा मिशाळ, विधुर माळी आता शनिवारी कायमचा दूरच्या बोर्नहोल्म बेटावर निघाला होता. "चल माझ्याबरोबर," एवढंच तो विबेकेला म्हणाला होता. वृद्धाश्रमात आस्टासाठी खोली मिळत होती; फक्त तिने हो म्हणायला हवं होतं. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्यांवर डाफरणाऱ्या बावन्न वर्षांच्या विबेकेला तीन आठवडे आईला ते विचारता आलं नव्हतं. ती समोर बसली की आई म्हणायची, "पायावर शाल घाल गं."

गुरुवारी ती कात्री घेऊन अंगणात आली. हील्ड कापायचं तर आधी त्यात राहणाऱ्या हील्डआईला, त्या झाडाच्या राखणदार म्हातारीला, विचारावं लागतं. हल्ली कोणी मानत नाही, पण विचारतात सगळे. विचारून मनात दहा आकडे मोजायचे. सगळं गप्प राहिलं तर परवानगी. मध्येच कुत्रं जरी भुंकलं तरी नकार, आणि मग त्या दिवशी कात्री खाली.

"मोठ्याने विचार!" उघड्या खिडकीतून आस्टा म्हणाली. "म्हातारीला ऐकू कमी येतं."

"तुलाच कमी येतं, आई."

"मला सगळं येतं. त्या मिशाळाशी फोनवर कुजबुजतेस, तेही."

विबेकेचा हात थबकला. म्हणजे तीन आठवडे हिला ठाऊक होतं! ठाऊक असून शाल मागत होती! संतापाने तिचे कान तापले. खिडकीकडे न बघता ती झुडपापुढे वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हील्डआई, मला शनिवारी एबेबरोबर जायचंय. आईने आश्रमातली खोली घ्यावी. जाऊ का?"

एक. दोन. वारा पडलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाचपर्यंत तिला श्वास मोकळा वाटू लागला. सातला तिने मनातल्या मनात बॅग भरली. आठ. नऊ.

आस्टा खोकली.

सकाळपासून ती एकदाही खोकली नव्हती.

"अगं बाई," ती म्हणाली. "राहिलंच की मग. ठेव ती कात्री."

"आई, तू मुद्दाम..."

"मी? घशात काहीतरी गेलं माझ्या. आणि मी कुठे नाही म्हटलं? मला विचारलंस का? तिला विचारलंस."

विबेके ताठ उभी राहिली आणि वळली. आता तेच आईला विचारायचं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. आस्टा खिडकीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्याकडे बघत होती, आणि तिची हनुवटी थरथरत होती. आईला घाबरलेलं विबेकेने जन्मात पाहिलं नव्हतं. त्या हनुवटीचा तिला भयंकर राग आला, कारण तिच्यापुढे ते वाक्य निघेना.

"कॉफी ठेवू का?" तिने विचारलं.

"ठेव," आस्टा लगेच म्हणाली.