चुकीभोवतीची रांगोळी

पल्लवी, ये, जवळ बस. पुरवणी हातात धर आणि मुकाट्याने ऐक, आज तुला रागवायचं आहे. धुळ्याला मामाकडे जाऊन बसलीस, काकूचा फोन उचलत नाहीस, मग काय करू, इथे लिहिते. मामा पेपर घेतात हे मला ठाऊक आहे.

महिना होऊन गेला. अक्का दुपारी आडव्या झाल्या, त्या चहाला उठल्याच नाहीत... मीच तुला कळवलं. तू म्हणालीस, "काकू, मी गणित सोडलं. परत बारावीला बसत नाही." तेव्हा ऐकून घेतलं. आज बोलते.

वाचणाऱ्यांना सांगते, अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. धुळ्याच्या शाळेत जन्मभर गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि पिंप्राळ्याला आमच्याकडे राहायला आल्या. आल्या आल्या आमचा ओटा त्यांनी बळकावला. ऊन कललं की कॉलनीतल्या पोरी स्कूट्या लावून हजर, बारावीचे जुने पेपर मांडीवर, आणि उत्तरं खडूने थेट फरशीवर. मी सातवी शिकलेली. शेंगा फोडता फोडता ऐकत असायचे, एक दिवस मीही खडू उचलला. पिशवीतून लाल किंवा खुणेचा चेंडू निघण्याची शक्यता काढायची होती. माझी आली दीड.

अक्का म्हणाल्या, "दीड? म्हंजे चेंडू तं निघीच, आनि वरतून अर्धा बी निघी." हसून हसून त्यांना ठसका लागला. मग डबा मागवून त्यांनी माझ्या गणिताभोवती झोकात रांगोळी काढली. त्यांचा नियमच तसा. चूक पुसायची नाही, तिला सजवायची. जिची चूक तिला ती सापडेपर्यंत कुणी सांगायचं नाही, कुणी पाय द्यायचा नाही. दूधवालासुद्धा लांब टांग टाकून यायचा. सापडली की ज्वारी-उडदाच्या कळण्याची पहिली भाकरी तिची. लाल असून खुणेचेही असलेले चेंडू मी दोन्हीकडे मोजले होते, बाई... भाकरी मात्र गोड लागली.

तू बारावीला नापास होऊन आमच्या ओट्यावर आलीस तेव्हा मान वर करत नव्हतीस. तुझ्या पहिल्या चुकीभोवती अक्कांनी मोर काढला. "बठ्ठं चुकनं, पन काय भारी चुकनं," म्हणाल्या, सगळंच चुकलं पण झोकात चुकलं, आणि तू हसलीस. शेवटचं गणितही तुझंच. गच्चीवरून वर फेकलेला चेंडू जमिनीवर कधी पडेल? तुझा पडलाच नाही. "पोरी, तुना चेंडू मुक्ताईनगरले गया," असं म्हणत त्यांनी रांगोळी घातली. ती त्यांची शेवटची.

दहाव्याला अक्कांच्या सोनगीरच्या मामी आल्या. ओट्यावर थबकल्या. "सुतकमा रांगोळी? पुशी टाक."

"मामी, ती रांगोळी नाही, गणित आहे."

मामींनी वाकून पाहिलं. "मंग ऱ्हाऊ दे." लुगडं उचलून वळसा घालून आत गेल्या. त्यांच्यामागे सगळे पाहुणे तसेच. संध्याकाळी बघते तर दोन भाचे आणि एक जावई उकिडवे बसून तुझी चूक शोधतायत, भांडतायत. अक्का असत्या तर...

चूक मला सापडली आहे. सांगणार नाही. झाडताना केरसुणी भोवतीने फिरवते, रांगोळी फिकटली की बोटाने भरते. खडूला हात लावत नाही, ते अक्षर तुझं आहे. कळण्याचं पीठ दळून आणलंय. रविवारी सकाळच्या गाडीने निघ. चेंडू अजून वरच आहे, ये आणि खाली उतरव.