हैदराबादची शिक्षा

समोरचा काहीही बोलो, छातीवर हात ठेवून तो म्हणायचा, "बराबर हाय जी." साहेबांनी झापलं तरी बराबर, ऊन तापलं तरी बराबर. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कचेरी त्याच्या जिवावर चालते आणि हजेरीपटावर त्याचं नाव नसतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. वाटूरचा हा गडी आमच्या जालन्याच्या कचेरीत रोजंदारीवर पाणी भरायचा. वडील हैदराबादला गिरणीत होते, म्हणून सातवीपर्यंत शिकला तिथल्या हिंदी शाळेत. शिपायाची कायम जागा निघाली. त्याचं वय निघून चाललेलं; ही गेली तर पुन्हा नाही.

मुलाखत देऊन तो हसतच बाहेर आला.

"काय विचारलं रे?"

"साहेब म्हन्ले, शिक्षा झाली का? म्हन्लं, झाली जी. कुठं? हैदराबादला. किती? सात साल."

मी कपाळावर हात मारला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे साहेबांच्या गावी नव्हतं. मराठीत शिक्षा म्हणजे सजा, हे त्याच्या.

मी साहेबांकडे धावलो, शाळेचा दाखला पुढे केला. ते म्हणाले, "शिकलेले तुरुंगात जात नाहीत काय? सजा झालेल्याला सरकारी नोकरी नाही. झाली नसेल, तर तसं तुरुंगाकडून लिहून आणा."

आता मला सांगा, न भोगलेल्या तुरुंगाचं कोणता तुरुंग लिहून देतो? मी चिडायचो, तर तोच मला समजवायचा, "भाऊसाहेब, कायदा बराबर हाय. चोरान्ला नौकरी देऊच न्हाई." मग मला त्याचाही राग यायचा.

त्याच सुमारास एक पुढारी निवडून आले. मारामारीत दोन वर्षांची सजा लागलेली, पण अपील चालू, जामिनावर बाहेर. साहेबांनी त्यांना कचेरीत बोलावून हार घातला. चहा यानंच आणला. कप ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "जी, तुमची शिक्षा किती?"

साहेबांचा चेहरा पडला. पुढारी मात्र हसले. "दोन साल. पन अपिलात हाये ना बाबा, मंग कोन अडिवतं?"

"मंग माझी बी अपिलात धरा ना, साहेब."

सगळे खो खो हसले. मला तो हार तोडून फेकावासा वाटला. "कप उचल," साहेब म्हणाले. त्यानं उचलले, विसळले, पालथे घातले.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. कुठे गेला, वाटूरलाही कुणाला सांगता येईना. पुढाऱ्यांनी आपली मुदत पुरी केली, तेव्हाही अपील चालूच होतं.