मूठ किती किलोची

धडधाकट माणसांकडे किस्से कमी असतात, त्यांना घाई असते. किस्से साठतात ते आमच्यासारख्यांकडे. एक हात, एक पाय संपावर गेलेला आणि जीभ तेवढी दोन्ही पाळ्या करते!

मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीचा हॉल आहे. तिथं आम्ही चौघं दर मंगळवारी आणि शुक्रवारी बसायचो. चौघांच्याही अंगावरून वारं गेलेलं. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात, आम्ही वारं म्हणतो. निकामी झालेला हात पुन्हा कामाला लावता येतो का, यावर केतकी मॅडमचं संशोधन चाललं होतं, आणि तो निकामी हात आम्ही पुरवला होता.

मी शिराळ्याची. सगळे आक्का म्हणतात. शाळेची पायरी चढले नाही. किराणा बांधून येणाऱ्या कागदांवर अक्षरं शिकले आणि चाळीस वर्षं अख्ख्या आळीचे अर्ज लिहिले. तलाठ्यानं माझ्या अर्जात चूक काढल्याचं आठवत नाही. मी त्याच्या काढल्यात! हे फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते. आता डाव्या हातानं लिहिते आहे, ओळी चढाला लागल्या तर चालवून घ्या.

०

पहिल्या दिवशी मॅडमनी संमतीपत्र पुढं केलं. पोरगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. माझा लोंबता उजवा हात बघून म्हणाली, "आजी, अंगठा दिला तरी चालेल."

"तुला चालंल. मला न्हाई चालत."

डाव्या हातानं सही करायला पाव तास लागला. पण त्याआधी पाचही पानं वाचली, आणि बाकीच्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली. चौथ्या पानावर छापलं होतं, की सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, कोणतंही कारण न देता, बाहेर पडू शकते.

सुभेदार खो खो हसले. साताऱ्याकडचे रिटायर फौजी, पोराकडे सांगलीला राहायला आलेले. म्हणाले, "फौजेत असला कागद असता, तर बॉर्डरवर कोण उरलं असतं?"

सगळे हसलो. कोपऱ्यातली एक बाई तेवढी हसली नाही. चौतीस वर्षांची, आमच्यात सगळ्यात लहान. म्हणाली, "आक्का, त्येवढं परत वाचा की."

मी परत वाचलं.

"कारण सुदीक द्यायचं न्हाई?"

"न्हाई."

"आन् कोण इचारत न्हाई?"

"इचारायचं न्हाई, असं छापलंय हितं!"

ही संगीता. सासर कऱ्हाडकडं, उसाची बागायत, दावणीला बारा म्हशी. वारं गेल्यावर नवऱ्यानं तिला लेकीसकट तासगावला माहेरी आणून सोडलं, बंद पडलेला पंप दुरुस्तीला टाकतात तसं. जाताना सांगून गेला, दिवाळीपर्यंत हात आला तर नेतो, न्हाईतर ऱ्हा हितंच.

त्या दिवसापासून आम्ही सगळे दिवाळीकडे डोळे लावून बसलो.

०

अभ्यास हाताचा असला तरी मॅडमला आधी प्रत्येकाची चाल मोजायची होती. लांब पॅसेज, दोन टोकांना दोन खुणा, हातात घड्याळ. बिरा मामाचा नंबर आला. जतकडचा मेंढका, वय त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

मॅडम म्हणाली, "मामा, रोज चालता तसंच चालायचं. नेहमीच्या चालीनं."

मामा निघाला. दोन पावलं गेला, थांबला. डावीकडे बघितलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबला. खिडकीतून आभाळ बघितलं. पॅसेज संपेपर्यंत माझा चहा पिऊन झाला!

मॅडमनी लिहिलं, चालण्याचा वेग फार कमी.

मी म्हटलं, "अगं, ती मेंढरांची चाल हाय! त्यो जलमभर तसाच चाललाय. रोज चालता तसं चाला म्हणालीस, चालला!"

"आजी, यंत्र जे दाखवतं तेच मला लिहावं लागतं. मला काय वाटतं ते लिहायचं नसतं."

तेवढ्यात सुभेदार मागून ओरडले, "मामा, लांडगा!"

मामा पॅसेज ओलांडून जिन्यापर्यंत गेला. घड्याळ तेव्हा बंद होतं.

०

मुठीचा जोर मोजायचं एक यंत्र असतं. ते हातात धरून आवळायचं, वरच्या तबकडीवर काटा फिरतो, किती किलो ते कळतं. माझ्या डाव्या हाताचे अठरा आले. उजव्याचं मॅडम म्हणाली, "आजी, आधी बांगड्या काढू या. काच आहे, लागेल."

"न्हाई काढायच्या."

"दोन मिनिटांसाठी!"

मी म्हटलं, "पोरी, माझा नवरा गेला तवा ह्या फोडायला सात बायका आल्या हुत्या. मी बत्ता घिऊन दारात उभी ऱ्हायले. सातीच्या साती माघारी गेल्या. तू तर एकटीच हायस!"

मॅडमनी बांगड्यांसकट मोजलं. उजवा हात, शून्य.

संगीताचाही शून्यच आला.

०

बोटं किती वळतात ते मोजायला दोन पट्ट्यांचा कोनमापक असतो. संगीताच्या उजव्या हाताची बोटं मोजताना मॅडम करंगळीशी थांबली. करंगळी मधल्या पेरात बाहेर वळलेली. जुनं हाड, मोडून वेडंवाकडं सांधलेलं.

"हे कशानं?"

"म्हशीनं पाय दिलता," संगीता म्हणाली.

मी जन्मभर म्हशी राखल्यात. म्हैस पाय देते तेव्हा अख्खा पंजा चेचते. एकटी करंगळी निवडून मोडायला तिला वेळ नसतो. पण मी बोलले नाही. मी! बोलले नाही!

मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, जुनी इजा, कारण जनावर.

बिरा मामानं मान लांब करून विचारलं, "कंचं जनावर, त्ये लिवलं का?"

०

आता चिठ्ठ्यांचा किस्सा. हा माझ्यामुळे झाला आणि मला त्याची लाज नाही.

मॅडमचे दोन गट होते. एका गटाला साधा व्यायाम. दुसऱ्या गटाचा चांगला हात दिवसाचे सहा तास जाड मोज्यात बांधून टाकायचा. जेवण, पाणी, केस विंचरणं, सगळं त्या मेलेल्या हातानंच करायचं. मॅडम म्हणायची, चांगला हात मदतीला धावतो म्हणून दुसरा उठतच नाही. मला ते पटलं. आमच्या घरातल्या पुरुषांचं तसंच होतं!

कुणी कुठल्या गटात जायचं त्याच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. मला बांधायचा गट निघाला. संगीताला साधा. मॅडम रजिस्टर आणायला आत गेली.

आमच्याकडे बायकांच्या भिशीत चिठ्ठी एकीची निघते, पण दुसरीच्या घरी बाळंतपण असेल, दवाखाना असेल, तर जिची निघाली ती गपचूप तिच्या हातात ठेवते. त्यात कुणी मोठेपणा मानत नाही. मीही ठेवली.

"आक्का, तुमचा हात?"

"सत्तर वरसं राबलाय. आता त्याला पेन्शनीत बसू दे. तुझी दिवाळी तीन महिन्यांवर हाय."

संगीतानं चिठ्ठी घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. आनंद झालाय असं काही मला दिसलं नाही. मला वाटलं, भिडस्त आहे.

मॅडम आली आणि चिठ्ठ्यांवर होतं ते रजिस्टरमध्ये उतरवून घेतलं.

०

दुसऱ्या मंगळवारी संगीता एसटीतून बांधल्या हातानिशीच आली. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं तिला चांगली दोन स्टॉप न्याहाळली आणि हळू आवाजात विचारलं, "पोरी, कुणी बांधला गं हात?"

संगीता म्हणाली, "नवऱ्यानं न्हाई बांधला. डॉक्टरनं बांधलाय."

"मग बरं हाय बाई!" म्हातारी म्हणाली आणि निवांत डोळे मिटून बसली.

संगीतानं हॉलमध्ये हे सांगितलं आणि स्वतःच पोट धरून हसली. आम्हीही हसलो. मॅडम हसली नाही. ती शिकलेली आहे, तिला वेळ लागत नाही कळायला.

०

पण हात यायला लागला! तिसऱ्या आठवड्यात संगीताच्या उजव्या बोटांत वाटी राहिली. चौथ्यात भाकरीचा तुकडा मोडला. मॅडम टाळ्या वाजवायला लागली आणि बिरा मामाला भरून आलं. भरून आलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

"मॅडम, आक्कानं चिठ्ठी दिली म्हनून झालं बगा ह्ये!"

मॅडम खाली स्टुलावर बसली.

"आजी, असं करायचं नसतं! कुणाला कुठली चिठ्ठी येईल हे माणसांनी ठरवायचं नाही, सगळा मुद्दाच तो आहे!"

"मग चिठ्ठीला इचारायचं हुतंस, दिवाळीपातुर हात कुणाला पायजे ते."

मॅडमच्या वरच्या सरांनी आम्हा दोघींची नावं अभ्यासातून काढून टाकायला लावली. पोरीची सहा महिन्यांची मेहनत होती, आणि त्या दिवशी ती आतल्या खोलीत रडली. मला वाईट वाटलं. चूक केली असं मात्र अजूनही वाटत नाही.

बाहेर येऊन म्हणाली, "आकड्यांतून गेलात, हॉलमधून नाही. शुक्रवारी वेळेवर यायचं."

ही पोरगी मोठी होणार!

०

सुभेदारांना उजव्या हातानं सॅल्यूट मारायचा होता. सव्वीस जानेवारीला. बाकी काही नको. हात खांद्यापर्यंत यायचा, तिथून पुढचं अंतर ते मान खाली घालून भरून काढायचे. मॅडम म्हणायची, "कपाळ हाताकडे न्यायचं नाही, हात कपाळाकडे न्यायचा!" सुभेदार म्हणायचे, "येस मॅडम," आणि पुन्हा मान घालायचे.

आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी सातला मेसेज यायचा, "आज व्यायाम केला का? हो किंवा नाही लिहा." कॉम्प्युटरच पाठवायचा. सुभेदार रोज लिहायचे, "हो, जय हिंद."

गणपतीच्या आधी त्यांच्या अंगावरून दुसरं वारं गेलं. दोन दिवसांत संपले. मेसेज थांबवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांची बायको रोज सकाळी सातला तो मेसेज वाचायची आणि उत्तर द्यायची, "नाही."

आठ दिवस!

नवव्या दिवशी मॅडमनी त्यांचा फॉर्म काढला. शेवटचा रकाना होता, अभ्यासातून बाहेर पडण्याचं कारण. तिचं पेन चालेना.

मी म्हटलं, "लिही की. कारण न देता."

०

दिवाळीला दहा दिवस असताना संगीताचा नवरा आला. पांढरा शर्ट, पायात नवे बूट. आमच्याकडे बघितलंही नाही. मॅडमला म्हणाला, "हात आला का न्हाई, त्येवढं कागदावर द्या. आला असंल तर आजच न्हेतो. दोन गडी सोडून गेल्यात, म्हशींचं कोण करायचं? आन् न्हाई आला तर तसं लिवून द्या, म्हंजी मला बी माझं बगाय बरं."

लेक दाराशी संगीताच्या आईच्या पदराला धरून उभी होती. बापाकडे गेली नाही.

मॅडमचा चेहरा उजळलेला. का नाही उजळणार? आदल्याच शुक्रवारी संगीताच्या मुठीनं बारा किलो दाखवले होते. मी तर मनात लाडू वळून मोकळी झाले होते.

मॅडमनी यंत्र तिच्या उजव्या हातात दिलं. "आवळा, संगीताताई. पूर्ण जोर."

काटा हलला नाही.

मॅडमनी यंत्र उलटं करून बघितलं, स्वतः आवळून बघितलं. काटा सरसर फिरला. परत दिलं. "घाबरू नका. शुक्रवारसारखं."

काटा हलला नाही.

तिसऱ्यांदा. संगीताच्या कपाळावर आठी नाही, घाम नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली.

शून्य.

मी तोंड उघडलं. बारा आलते म्हणून सांगणारच होते, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. संगीतानं माझ्याकडे बघितलं. माझं तोंड मिटलं. जन्मात दुसऱ्यांदा.

नवरा म्हणाला, "लिवा मॅडम."

मॅडमनी पेन उघडलं. मग यंत्रानं दाखवलं ते लिहिलं, सही केली, शिक्का मारला. एक कागद त्याला दिला, एक फाइलला लावला. त्यानं घडी घालून खिशात ठेवला आणि नवे बूट वाजवत जिना उतरून गेला. लेकीला हाकही मारली नाही.

संगीता उठली. पदर सारखा केला, डाव्या हातानं. माझ्या खुर्चीपाशी आली आणि वाकली.

"आक्का, येते."

तिनं माझं उजवं मनगट धरलं. उजव्या हातानं. माझा तो हात बधिर, मला काही कळलं नाही. ऐकू तेवढं आलं.

कट्!

बांगडीचे तीन तुकडे फरशीवर पडले. संगीता लेकीचं बोट धरून निघूनही गेली होती.

मॅडमनी खाली वाकून एकेक तुकडा उचलला आणि टेबलावर यंत्राशेजारी ठेवला. काटा शून्यावरच होता.

बिरा मामा म्हणाला, "मॅडम, ह्ये किती किलो धरायचं?"