मावशींसाठी थांबायची जागा

पांढरकवड्याच्या आमच्या चर्चमध्ये पेटी मी वाजवीत असे. प्रत्येक ओळ आधी मी म्हणायची, मग मंडळीने, असा रिवाज होता. मंडळीत घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या एक वृद्ध बायबलबाई होत्या. मला सूर लावायला त्यांनीच शिकवले. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्यांना दमा होता, त्यामुळे त्यांची ओळ सर्वांच्या मागून संपे. ती संपेपर्यंत मी भाता हलवीत एक स्वर धरून ठेवी. हे कोणी ठरवून दिलेले नव्हते.

साठ सालच्या सुमारास, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना, मुंबईच्या एका कंपनीने मावशींनी शिकवलेले एक भजन माझ्या एकटीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. आमचे गाणे आठ मिनिटांचे. प्रयोगशाळेतले घड्याळ पेटीवर ठेवून मी भर उपासनेत मोजणी केली. मंडळीच्या ओळी आणि मावशींसाठीचे थांबणे वजा केले की गाणे बरोबर बसत होते. उत्तर इतके स्वच्छ आले, की मला आनंदच झाला. आपण कुणाला वजा करतो आहोत, हे तेव्हा सुचलेच नाही, असे मी पुढे सांगत आले. ते खरे नाही.

तीन महिने मी घड्याळ लावून सराव केला. मुंबईहून परतल्यावरच्या रविवारी तेच भजन धरले. मंडळी कशीबशी माझ्यामागे धावली. दुसऱ्या ओळीला मावशींचा आवाज अर्ध्यावर तुटला. तो मला ऐकू आला होता. पण लय छान जमली होती. मी थांबले नाही. चौथ्या ओळीला तो आवाज नव्हता.

बाहेर पायरीवर मी विचारले, "मावशी, बरं नाही का?"

"मले काय धाड भरली? तूच घाईत होती. यष्टी पकडाची होती का?"

"चुकलं माझं. पुढच्या रविवारी थांबेन."

"आता कायले थांबतं? बंबईवाले थोडीच थांबते! तू गात जाय, पोरी. मी आयकतो."

पुढच्या रविवारी पहिल्या ओळीनंतर मी स्वर धरून ठेवला. मंडळीची ओळ संपली. मावशी मिटलेले पुस्तक मांडीवर ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलीकडे पाहावे तशा कौतुकाने माझ्याकडे पाहत होत्या. ओठ मिटलेलेच होते. भात्यातली हवा संपत आली, स्वर बारीक होत गेला, आणि मी दुसरी ओळ घेतली.